गेज रजिस्टरची मागची पानं

उद्यमनगरात, दुसऱ्या पाळीला,
मी कास्टिंगची भोकं मोजते.
वीस पॉइंट शून्य दोन, चालेल.
वीस पॉइंट शून्य नऊ, भंगार.
रजिस्टर पुढून कंपनीचं,
मागून माझं.

मागून पहिलं पान: वाचून झालं.

जून. 'मिठाचा चंद्र', चारशे अकरा पानं.
त्यात एक यान आहे, जुनाट, बोलकं,
अनुवादकानं त्याला नपुंसकलिंग दिलंय:
मी थकलं. मी वळलं. मी एकटं पडलं.
पहिली पन्नास पानं दाताखाली खडा.
मग क्लासवरून भाची आली, राजनंदिनी,
सायकल भिंतीला टेकवत दारातूनच ओरडली,
"आत्या, मी आलो!"
आमच्याकडं पोरी अशाच येतात, अशाच जातात,
मी जेवलो, मी हरलो, मी लई चिडलो,
व्याकरणाची परवानगी कोण काढत बसतंय.
त्या रात्री यान बोलायला लागलं
आणि खडा लागला नाही.

जुलै कोरा. ऑडिट होतं.
चष्म्याचा नंबरही वाढला.

ऑगस्ट. कॉमिक्स, किलोवर.
लक्ष्मीपुरीत दिलावर मुल्लाणींच्या रद्दीत
'कवचकुमारी', भाग तीन ते नऊ,
महापुरात भिजून वाळलेले,
पापडासारखे कुरकुरीत, कडेला गाळाची रेघ.
निळी शाई पिवळीत उतरलेली,
म्हणून खलनायक हिरवा, घोडा हिरवा,
आकाश तर पार मेथीच्या भाजीचं.
सातशे ग्रॅम भरले.
"ओलीचं वजन धरलं नाही बरं का," मुल्लाणी म्हणाले.

सहाव्या भागात दोन पानं चिकटलेली.
चहाच्या आधणावर वाफेला धरली,
सुटली, पण चित्रं वाटून घेऊन:
तलवार या पानावर, हात त्या पानावर.
राजनंदिनीनं उलटसुलट करून पाहिलं,
"बरं झालं. आता दोघी नुसत्या गप्पा मारत उभ्या."
पहिले दोन भाग कुठं गेले, कुणास ठाऊक.
कवच तिला कुणी दिलं, आम्हाला माहीत नाही.
आम्ही तिला चालू युद्धातच भेटलो.

दुसरं पान: वाचायचं.

'वाळूचे वकील', तीन खंड.
पहिला झाला, तिसरा मिळाला,
दुसरा वाचनालयातून चार महिने बाहेर.
ग्रंथपालबाई नाव सांगेनात.
मी मनात त्याला प्राध्यापक केलं,
राजारामपुरीत दुमजली घर, कुत्रं,
पुस्तकावर चहाचा कप ठेवणारा.
मग परवा, पाळी बदलताना,
भट्टीवरच्या हिंदुरावच्या डब्याच्या पिशवीतून
तोच निळा कणा डोकावला.

"किती राहिलंय हो?"
"वीस पानं."
"चार महिन्यांत?"
त्यानं चेहरा पुसला, घाम आणि काजळी,
मागं लोखंड चौदाशे अंशांवर उकळत होतं.
"त्यो म्हातारा वकील मरणार बघा, मॅडम.
दिसायलंय मला.
म्हणून रोज एकच पान वाचालोय,
काल तर अर्धंच."

मी घड्याळाकडं पाहिलं.
तिसरा खंड मी शेवटून चाळलाय,
मला ठाऊक आहे म्हाताऱ्याचं काय होतं.
सांगितलं नाही.
"असू दे. सावकाश होऊ दे," म्हणाले
आणि खडूनं खूण केलेली बॅच मोजायला घेतली.
वीस पॉइंट शून्य एक.
वीस पॉइंट शून्य.
एक भोक दोनदा मोजलं.

घरी येऊन मागचं पान उघडलं
तर माझ्या यादीखाली तिच्या अक्षरात:

कवचकुमारी, भाग एक.
अजून आलेला नाही.
मी काढालोय.
हिरवं स्केचपेन संपलंय, येताना आण.