पेव, क्रमांक सात

सरांनी सांगितलं, नुसतं ‘आवडलं’ नको,
का ते लिहा.

सांगलीच्या हॉलात वैजयंता आवटींचे अकरा फोटो,
सगळे वरून घेतलेले:
हरिपूरच्या पेवांची तोंडं,
मातीवर एकेक काळी टिकली.
मी वहीत लिहिलं, ‘रिक्तता’.
मग खोडलं.

आमचे दौलूआण्णा आधी कंदील सोडायचे, दोरीला बांधून.
विझला, तर कुणी उतरायचं नाही.
जळत राहिला, तर आण्णा,
मग हळद वर.

रविवारी मी उतरले.
कॅमेरा पोटाशी, पाठीला माती,
वास अजून पिवळा.
वर बघितलं तर
आभाळाचं नाणं, आणि त्याच्या कडेला
दोर धरलेला आण्णांचा हात,
थोडा हललेला.

शेरा:
बाई, काळा छान जमलाय.
कंदील सोडून बघितला होता का?