मुद्देमाल

ड्रिल हातात घेतलं की तोम्बोझाफी आधी क्षमा मागतो.
कुणाची, ते त्याने कधी सांगितलेलं नाही.
कासव टेबलावर. मान आत, पाय आत,
बाहेर फक्त ती सोनेरी घुमटी,
जिच्यासाठी समुद्रापलीकडच्या एका फ्लॅटमध्ये
कुणीतरी बाथटब रिकामा करून ठेवलाय.

सुई फिरते. नख जळल्यासारखा वास.
दोन अक्षरं, मग चार आकडे,
खोल, ओबडधोबड, जन्मभर न बुजणारे.
सुंदर म्हणून चोरीला जातं ना,
मग थोडं विद्रूप करायचं.
तान्ह्याच्या गालावर तीट लावतात तसं;
फक्त ही तीट पुसली जात नाही,
आणि दृष्ट इथे पैसे मोजून लागते.

आजोबांच्या वेळी कासव
कोंबड्यांच्या खुराड्यात असायचं.
ते असलं की कोंबड्यांना मर लागत नाही म्हणत.
ते खाणं फादी.
फादी म्हणजे नाही.
कलम नव्हतं, पोटकलम नव्हतं,
सही करायला कुणी विमानाने गेलं नव्हतं,
आणि तरी सोआलालाच्या बांबूंत
नर एकमेकांना गळ्याखालच्या फाळाने उलथवत,
हरलेला आभाळाकडे पाय झाडत राही,
पोरं हसत, आणि कुणीतरी जाऊन त्याला सरळ करी.

मग फादी न मानणारी माणसं आली.
रात्री, होडीतून, दिवा न लावता.

जिनिव्हाचा कायदा वाईट नाही.
तोम्बोझाफीला तो फ्रेंचमध्ये अडखळत पाठ आहे:
परिशिष्ट एक. व्यापार बंद.
परिशिष्ट एकच्या वर काही नाही,
जशी शेवटच्या झोपडीपुढे फक्त खाडी.

मार्चमध्ये बातमी आली.
विमानतळावर बॅग उघडली, आत मोजे,
प्रत्येक मोज्यात एक पिल्लू, तोंडाला चिकटपट्टी.
आणि सगळ्यांच्या तळाशी, टॉवेलात, एक मोठी मादी,
पाठीवरचे आकडे राळेने भरलेले,
वर पॉलिश.
पंचनामा झाला. मोजे मोजले. जिवंत किती, ते मोजलं.
मादी मुद्देमाल क्रमांक अकरा.

फोटो आला तेव्हा तो बराच वेळ
मोबाइल उन्हापासून आडवा धरून बसला.
राळेखाली सात होता.
सातच्या पोटातली आडवी रेघ
अर्ध्यातच खाली घसरलेली.
तेव्हा ती हलली होती. आठवलं त्याला.
ड्रिल उचलायला क्षणभर उशीर झाला होता,
आणि तो दिवसभर कुणाशी बोलला नव्हता.

मग कागद.
हा प्राणी तुमच्याच देशातला कशावरून?
इथेच अंड्यातून बाहेर आला कशावरून?
सात तुमच्याच हातचा, याला साक्षीदार कोण?
परत पाठवण्याचा खर्च कोणी करायचा?
आरोपीचं अपील आहे, ते निकाली निघेपर्यंत
मुद्देमाल हलवता येत नाही.
तिला घाई नाही, ती शंभर वर्षं जगेल.
कायद्यालाही नाही.
घाई एकट्या तोम्बोझाफीला,
आणि त्याचा गुडघा आता पावसाआधीच दुखतो.

एक रकाना राहिला होता. मालकाचे नाव.
त्याने सरकार लिहिलं, खोडलं.
स्वतःचं लिहायला गेला, पेन थांबलं.
खाडीचं नाव लिहिलं, तेही खोडलं.
कागद तसाच गेला.

तीन आठवड्यांनी राजधानीतून फोन.
मुलगी तरुण होती, आवाजात सर्दी.
रकाना रिकामा चालत नाही हो,
संगणक पुढेच जात नाही.
मालक कोण?

मागे कोंबड्या कलकलत होत्या.
फादी, तो म्हणाला.

पलीकडे टकटक ऐकू आली, एकेक अक्षर.
बरं, फादी.
आणि पहिलं नाव?