सातवा रकाना

रुवैस ते अबुधाबी, दोनशे चाळीस किलोमीटर.
रुग्णवाहिकेचं भाडं किलोमीटरला बारा दिरहम,
ऑक्सिजन वेगळा.
मी विम्याच्या खिडकीत बसते.
भाडं नाकारणं माझं काम नाही;
नाकारलेलं भाडं मराठीत, हिंदीत, मोडक्या मल्याळममध्ये
समजावून सांगणं, एवढंच.

हिंदुराव फाळके, वय एकोणसाठ,
गोदामावर रखवालदार,
त्याआधी फौजेत, हवालदार होऊन बाहेर पडलेले.
खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून
त्यांनी दोन कार्डं काढली.
एक कंपनीचं.
एक माजी सैनिकांचं, कडा झिजलेलं,
फोटोत मिशा अजून काळ्या.
"ह्ये चालंल का?"
काका, हे समुद्राच्या पलीकडचं.
त्यांनी ते परत पिशवीत ठेवलं,
पिशवीला दोन घड्या घातल्या. मग तिसरी.

सातवा रकाना विचारतो:
रुग्ण बसून प्रवास करू शकत होता का?
'हो' असेल तर रुग्णवाहिकेची गरज नव्हती,
टॅक्सी पुरली असती.
ज्याने हे ठरवलं
तो या खिडकीशी कधी आलेला नाही.

लॉगबुक उघडलं. चालक गुल जमान, गाव स्वात.
अक्षर सरळ, वेळ मिनिटासकट:
दोन रुग्ण. एक आडवा. एक बसलेला, शेवटपर्यंत.

"पोरगं हुतं ना," फाळके म्हणाले,
"मिन्हाज. परांचीवरनं पडल्यालं, कंबर गेल्याली.
गाडी एक, खाट एक.
मग कोन झोपनार?"
आणि तुमच्या छातीत?
"दुखत हुतं की."

मिर्फा गेलं, तारिफ गेलं,
डावीकडे समुद्र असणार, अंधारात दिसला नाही.
सलाईनची बाटली यांच्या उजव्या हातात;
डावा तसाही उचलत नव्हता.
ऑक्सिजन कुणी घेतला, बिलात लिहायचंय.
"आळीपाळीनं."

मी पेन खाली ठेवलं, आवाजही.
काका, 'बसवत नव्हतं' एवढंच म्हणा.
मी लिहिते, तुम्ही सही करा.
परेडला बटण उघडं ठेवून आलेल्या रंगरुटाकडे बघावं
तसं ते माझ्याकडे बघत राहिले.
"पर बसलो हुतो न्हवं."

मग गुल जमानला फोन.
भाई, एक शब्द बदलता येईल?
मागे इंजिनाचा आवाज. मग तो:
बहेनजी, बावीस वर्षं सिग्नलमध्ये काढली.
जे दिसलं तेच लिहायचं, दुसरं काही शिकलो नाही.
कुणाच्या सिग्नलमध्ये, त्याने सांगितलं नाही.
फाळक्यांना माहीत होतं.
"मधल्या खिडकीतनं बोलत हुता रातभर,
म्या डोळं मिटू नये म्हून.
म्हनला, तुमची चौकी दिसायची आमाला.
म्या म्हनलं, तुमचा धूर."
यावर ते हसले, आणि हसताना
हात छातीशी गेला.

'हो' किंवा 'नाही', दोनच चौकोन.
'बसला, कारण' असा तिसरा नाही.
मी 'हो'वर खूण केली.
दोन हजार आठशे ऐंशी, अधिक अर्धा ऑक्सिजन,
पगारातून सहा हप्ते.
"त्या पोराचं?"
मंजूर झालं काका. तो आडवा होता.
"मग झालं की,"
आणि काउंटरला एक हात टेकून उठले,
बसच्या वेळेची चौकशी केली,
खिडकीपाशी जागा मिळते का तेही.

अपिलाचा कागद मी तरीही जोडायला घेतला.
'कारण' या शब्दापुढे तीन ओळी आहेत.
आज गुरुवार.
सोमवारपासून मी पहिल्याच ओळीवर आहे.