सांबऱ्याहून नंदगड

शनीच्या चौकीवरून सांबऱ्याला उतरलेला
नायब सुभेदार मोनाप्पा मुतगेकर
खानापूरच्या बसची पायरी दोनदा चुकला.
अकरा महिने पायांना वजन माहीत नव्हतं.

तोफेचं बटण त्याच्या हातात कधीच नव्हतं.
त्याच्याकडं याद्या,
आणि हे असं घरोघरी जाणं.

बसाप्पाचं यान फुटलं तेव्हा
आवाजसुद्धा झाला नाही,
पडद्यावरचा हिरवा ठिपका तेवढा विझला.
फॉर्मवर रकाना : मातृभाषा. एकच लिहा.
पोरगं बापाशी मराठी, आईशी कन्नड,
बिघडलेल्या पंपाला दोन्हीतनं शिव्या.
रकाना अजून कोराच.

तिथं हद्द रोज सकाळी सरकते,
नकाशावाला कालची पुसून आजची मारतो.
इथं डांबर फासलेला मैलाचा दगड
आज्यापासून तसाच.

म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती.
यानं टोपी काढली, तिथंच तिला कळलं.
सगळं पाठ करून आला होता, दोन्ही भाषांत.
तोंडातनं एवढंच आलं :
अव्वा.

ती म्हणाली, बा. उन्हातनं आलास, बस.
आणि ओंजळभर शेंगा
त्याच्या उलट्या टोपीत ओतल्या.

केवढ्या जड.