एकास पस्तीस

दिवसभर मी लोकांच्या हिरड्यांचे साचे ओततो,
कवळ्या घासतो, दात बसवतो एकेक.
शनिवारी रात्री त्याच टेबलावर, त्याच चिमट्यानं
रणगाड्याच्या पट्ट्याच्या कड्या.
एका बाजूला नव्वद. गुणवंता मोजतो, मी विसरतो.

सिंदीत आम्ही चौघं.
गुणवंता कोल्हे मोटारी बांधतो, म्हणजे जळक्या मोटारीचं
तांबं त्याच्याकडे फुकट.
केसाएवढी तार तिपेडी पिळून ओढदोर करतो
आणि बायकोला सांगतो, गिऱ्हाईक बसलं होतं.
कवडू मसराम पाट्या रंगवतो.
लोणारे मॅडम माती तपासणीच्या कचेरीत,
तेव्हा चिखल त्यांचा. मलमलीतून चाळून आणतात,
पुडीवर गट क्रमांक लिहून.

मे महिना. कूलरचा वाळा कोरडा,
रंग कुंचल्यावरच सुकतो, गाडीपर्यंत पोचत नाही.
तीन आठवडे एकच भांडण:
हिरवा कोणता?
"अंबाडीच्या पाल्यावानी," गुणवंता.
"शिळ्या पाल्यावानी. ताज्या नाही. काऊन समजत नाही तुले?"
मॅडम म्हणतात, पोपट सोडून काहीही चालेल.
खोक्यावरचं चित्र तर नागपूरहून येईतोच
उन्हानं उडालं होतं.

त्या रात्री सव्वाअकराला पॉइंट्समनचा पोरगा धावत आला,
"काका, तुमच्यावाल्या गाड्या! खऱ्या!
लूप लाइनवर उभ्या हायेत!"

गुणवंताच्या बोटाला फेविक्विक, त्याला चिकटलेलं एक चाक,
तसाच निघाला.
मॅडमच्या स्कूटीवर मागे कवडू,
ओच्यात रंगाच्या डब्यांची आठ झाकणं,
ताडून बघायला.

सपाट वाघिणी. ताडपत्री, ताडपत्री, ताडपत्री.
गाठींखाली तेवढे पट्टे उघडे
आणि चाकांच्या बेचक्यात कुठल्याशा मुलखाची माती,
पिवळट, गवताच्या काड्यांची.
मॅडम वाकून बघत राहिल्या,
दोन्ही हात पाठीमागे धरून.
मी लांबूनच हवेत विती टाकल्या:
एक कडी अडीच विती.
माझ्या टेबलावर ती शिंक आली की जाते.

कवडूनं झाकणं धरली फलाटाच्या दिव्याखाली.
आठही तपकिरी.
त्या दिव्याखाली कवडूही तपकिरी, सदरा, दात, सगळं.
"काहीच नाही समजत बावा," म्हणाला,
आणि झाकणं परत ओच्यात टाकली.

गार्डाच्या डब्याकडून एक जवान आला, रबरी चपलेत.
"भैया, पानी?"
नळाला धार नव्हती.
गुणवंता घरून दोन कॅन भरून घेऊन आला,
तिसऱ्या फेरीला लिंबं.
मिसरूड नुकतं फुटलेलं पोरगं.
मी विचारलंच, खाली रंग कोणता रे?
"हरा ही होगा, साहब. हाथ लगाओ तो
रंग का पता नहीं चलता, चमड़ी जलती है."
कुठे चाललात, ते आम्ही विचारलं नाही.

एक वाजता सिग्नल मिळाला.
शेवटच्या वाघिणीवर, ताडपत्रीतून डोकावणाऱ्या नळीवर
एक बनियन वाळत घातलेलं,
शेजारी एक मोजा. एकच.
हलत हलत ते सेलूकडे गेलं.

दुकानात परतलो. हिरव्याचं नाव कोणी काढलं नाही.
मॅडमनी टिश्यू कागद कापला अंगठ्याच्या नखाएवढा,
पातळ डिंकात भिजवून नळीवर टाकला.
मी दात कोरायच्या सुईनं बाह्या काढल्या.
"पांढरं नको देऊ," कवडू म्हणाला,
"लय खेपा धुतलेलं दिसलं पायजे."

मोजा तांदळाच्या दाण्याएवढा.
दोनदा केला, दोनदा कूलरनं उडवला.
गुणवंता अजून टेबलाखाली आहे,
टॉर्च तोंडात धरून.