बिनपगारी

शायेच्या खिचडीचा गंज
दरसाल सुटी लागली का मी पालथा घालतो.
दोन महिने पोट्ट्यायले सुटी,
मास्तरायले सुटी,
मले बिनपगारी.

औंदा निकेशचा फोन आला, माय, ये.
हॉटेलवाल्यानं पास देल्ला चार रातीचा,
गिऱ्हाईक नाई, खोल्या रिकाम्या पडल्या.
पूर्णेच्या काठचं पोट्टं
समुद्रातल्या बेटावर कांदे कापते.
तिथलाय कांदा डोयाले झोंबते, म्हने.

त्याच्या बाबानं म्हशीचं कारन सांगतलं,
म्हैस गाभन हाये.
खरं तं इमानाचा भेव.
शेजारची पद्माबाई म्हने, "एकटी बसशीन का वो त्याच्यात?"
"बसली तं पडन का ते?"
भाच्यानं कागदावर लिहून देल्लं,
कोन्या दारातून घुसाचं, कोठी उतराचं.
कागद घामानं ओला झाला, पन पोचली.

बेट म्हन्जे काय सांगू.
वावरात पूर घुसल्यावर
धुऱ्यावरची बाभूय जशी एकटी उभी राह्यते,
तसं.
पन हे हिरवंगार, अन् पूर निया,
अन् उतरतच नाई.

पयल्या दिवशी पाच वाजता जाग आली.
चुलीले हात लावाचा तं चूल कोठी?
चादरीच्या घड्या केल्या. दारातली रेती झाडली.
झाडली का वारा पुन्हा आनून टाके.
खोल्या साफ करनारी आली, रांचीकडची, तिर्कीबाई,
हासून हिंदीत म्हने, मावशी, माही रोजी खाता का?
मंग दोघी बसलो पायरीवर.
ना तिले काम, ना मले.
असं बसाची सवय नसली का
गुडघे दुखतेत.

निकेशनं काचेच्या गिलासात नारयाचं पानी आनलं,
वरून कागदाची छत्री खोसलेली.
पानी पेली, छत्री पदराच्या गाठीत बांधली.
बाहुलीच्याय कामाची नाई,
पन उघडते, मिटते.

तिसऱ्या दिवशी समुद्रात गेली, गुडघ्याएवढ्या पान्यात.
लाट आली ते थेट तोंडात.
काठावरून निकेश वरडे, "थुक माय, थुक, खारं हाये!"
मी थुकली नाई.
जिभीवर घोयवलं.
हे तं ओयखीचं हाये.
हे आपल्या इहिरीचं पानी,
उलीसं जास्त, एवढंच.
ह्याच पान्यात माही डाय शिजली नाई कधी,
ह्याच्याच पायी गंजाच्या बुडाले पांढरा थर.
लगन होऊन आली तवा पयला गिलास पेली
अन् तोंड वाकडं झालं,
सासू म्हने, लागन सवय.

लोकं इमानानं येतेत, पैसे मोजतेत,
अन् ह्याच्यात डुबक्या मारतेत.
मले एकटीलेच हासू आलं.
तीस वर्स समुद्राच्या काठी राह्यली
अन् कोनी सांगतलं नाई!

घरी आली तं आंगन भरलं.
"सांग वो, काय काय पाह्यलं?"
मासे सांगतले, होडी सांगतली,
इमानातल्या पोरीची लिपस्टिक सांगतली.
झोपेचं सांगतलं नाई.
चौथ्या दिवशी जेवून उलीशी आडवी झाली
ते दिवे लागल्यावर उठली,
अन् उठून घाबरली नाई,
कोनाचं काय राह्यलं, मनात आलंच नाई.
हे कोन्या बाईले कसं सांगाव?

शाया उघडली. गंज सुलटा केला,
मदात कोयी होती, ते पुसली.
छत्री तांदयाच्या कोठीवर, खियाले अडकवली हाये.
दुसरीतलं एक पोट्टं ताट घेऊन उभं,
"मावशी, समुद्राचं पानी कसं लागते?"
"मुकाट्यानं जेव," म्हनलं.

त्या दिवशी खिचडीत मीठ टाकाचं इसरली मी.
कोनाले समजलंच नाई.