गुणिले तेवीस

पहिलं घर एकतिसाव्या मजल्यावर.
लिफ्टमध्ये माझे कान बसले,
ते सुटेपर्यंत परकारभाई
जिम, पोहण्याचा तलाव आणि समुद्र
तिन्ही दाखवून मोकळे झाले.
समुद्र दोन इमारतींच्या फटीत होता,
पट्टीनं मोजला तर चार सेंटिमीटर.
"ह्याचे वेगळे पैसे," ते म्हणाले,
आणि हसले नाहीत.

आई फोनवर होती. तिला काचेपाशी नेलं.
उघड की जरा, म्हणाली.
उघडत नाही गं, अशाच असतात इथल्या.
मग खिडकी कशाला म्हणायचं तिला?

दुसऱ्या घराच्या करारात कलम अकरा:
उग्र वासाचे पदार्थ शिजवू नयेत.
मी ऑडिटर आहे, कलमं वाचायचाच पगार घेते.
उग्र म्हणजे काय, व्याख्या दिलेली नाही.
हिंग? लसूण?
बार्शीहून तीन पिशव्यांत गुंडाळून आणलेलं,
तरी ऑफिसच्या कपड्यांना लागलेलं येसर?

तिसरं घर म्हणजे प्लायवूडची खोली.
ह्या अंगाला मनिलाची नर्स, त्या अंगाला दोघी बहिणी,
चेहरे दिसले नाहीत, चपला दिसल्या.
भाडं परवडणारं. मी हो म्हणणार, एवढ्यात
फळीपलीकडून कुणीतरी शिंकलं.
माशी कुठे शिंकते ते त्या दिवशी कळलं.

आई प्रत्येक आकड्याला तेवीसनं गुणते.
मीही गुणते. दोघी एकदमच गप्प होतो
आणि एकाच उत्तराशी पोचतो:
एवढ्यात गावाकडे प्लॉटचा इसार झाला असता.

परकारभाई मूळचे बाणकोटचे, चौदा वर्षं इथे.
तिकडे घर बांधलंय, राहायचं तेवढं बाकी.
गाडी चालवता चालवता म्हणाले,
पहिलं वर्ष सगळेच गुणतात, मॅडम.
ज्या दिवशी विसराल, त्या दिवशी समजा राहायला आलात.
तुम्ही कधी विसरलात?
सिग्नल हिरवा झाला होता. मागच्यानं हॉर्न दिला.

चौथं घर शारजात, अल नहदात,
ऑफिसपासून वीस किलोमीटर, कधी कधी दीड तास.
फरशी तपकिरी, बेसिनला तडा,
समोर शाळेच्या बसगाड्यांचा तळ.
पण गॅलरीचं दार सरकवलं, तर सरकलं.
भट्टीचं झाकण काढल्यागत जुलै आत आला,
धूळ, बांग, कुणाच्या तरी तव्यावरचा मासा,
सगळं एकदम, विचारल्याशिवाय.
गॅलरीत मागच्या भाडेकरूनं ठोकलेले दोन खिळे,
त्यांच्यामध्ये हिरव्या नायलॉनची दोरी.
आई म्हणाली, आहे की.
दोरी आहे की.

चार चेक. जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल.
नोकरी पक्की व्हायची दहा जानेवारीला,
तिसरा चेक पाच तारखेचा.
दुसऱ्या कुणाच्या वहीत दिसलं असतं
तर लाल पेनानं विचारलं असतं: आधार काय?
चारही ठिकाणी सही केली.
चौथ्या सहीत माझं आडनाव थोडं उतरतं गेलंय.

इमारतीचा नातूर अब्दुल मन्नान, सिल्हेटचा.
त्यानं किल्ली दिली आणि आधी गिझर दाखवला.
उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी उकळते, मॅडम,
गिझर बंदच ठेवा, गार पाणी त्यात साठतं.
तांबड्या खुणेचा नळ गार, निळ्या खुणेचा गरम.
थंडी आली की पुन्हा उलटं.
रात्री आंघोळीला हात दोनदा चुकला.

मग येसराच्या वासाचे तिन्ही सदरे धुतले.
आई विचारत होती, एकंदर केवढ्याला पडलं.
सांगितलं.
पलीकडे शांतता, म्हणजे गुणाकार चालला असावा.
तोवर मी दोरीवरचे चिमटे मोजले.
सात.
आणखी पाच तरी आणायला हवेत.